वाचकांचे प्रश्न : पेस्ट कंट्रोलमधले जाणकार गाठायचे कसे?

मागच्या अंकातल्या वाळवीवरच्या लेखात ‘अडलं तर जाणकाराला विचारा’ असं एक वाक्य होतं. त्यावर बरीच पत्रं आली. जाणकार म्हणजे नेमकं कोण, ते कुठे भेटतात आणि दोन माणसांचा धंदा चालवणाऱ्याशी ते बोलतात का, असं बहुतेकांनी विचारलं आहे. त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : नाशिकमधल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये जर्मन झुरळांसाठी सहा महिने इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं जेल (झुरळांनी खायचं विषारी आमिष) लावतोय. आधी रिझल्ट छान होता, आता झुरळं जेलला वळसा घालून जातात. तीन ज्येष्ठ व्यावसायिकांना आणि एका प्राध्यापकांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. एकाने ‘जेल बदला’ एवढंच लिहिलं, बाकीच्यांनी काहीच नाही. ही मंडळी दाद का देत नाहीत?
— पेस्ट कंट्रोल व्यावसायिक, नाशिक

उत्तर : कारण फोटोत झुरळ दिसतं, अडचण दिसत नाही. तुमचा फोटो पाहून जाणकाराच्या मनात किमान पाच शक्यता येतात. ट्यूब उन्हात तापलेल्या गाडीत राहून जेल सुकलं असेल. हॉटेलच्या माणसाने वरून दुकानातला स्प्रे मारला असेल. पायरेथ्रॉइडचा, म्हणजे अशा स्प्रेमधल्या नेहमीच्या औषधाचा, फवारा बसलेल्या जागी झुरळ जेल खायला फिरकत नाही. रात्री किचनमध्ये इतकं तेलकट उष्टं पडत असेल की जेलची गरजच नसेल. त्या झुरळांना जेलमधल्या गोडाचाच तिटकारा आला असेल. किंवा औषध खरोखरच लागू पडेनासं झालं असेल. पाचांचे उपाय वेगळे, आणि कोणता खरा हे ठरवायला दहा प्रश्न विचारावे लागतील. एवढा वेळ अनोळखी माणसासाठी कोण काढणार? ते दहा प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सोडवून ठेवा.

रुंद तोंडाच्या चार काचेच्या बरण्या घ्या. आतून तोंडाजवळ दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पातळ थर द्या, बाहेरून कागदी टेप गुंडाळा म्हणजे झुरळं चढतील, आणि तळाशी पावाचा तुकडा टाका. रात्री शेगडीमागे, फ्रिजच्या मोटरशेजारी, सिंकखाली आणि भांड्यांच्या मांडणीजवळ ठेवा. पाऊणशे-शंभर झुरळं हवीत. एका रात्रीत मिळाली नाहीत तर दोन-तीन रात्री लावा. नंतर त्यांचे साधारण २५-२५चे गट करून वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा. एक दिवस नुसता ओला कापूस द्या, खायला काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीत एका बाजूला तुमच्या वापरातल्या जेलचा ठिपका आणि दुसऱ्या बाजूला पावाचा चुरा. दुसरीत त्याच जेलच्या नव्या बॅचचा ठिपका आणि पाव. तिसरीत नुसता पाव. तिसरी बरणी लोक हमखास विसरतात. तिच्यातलीही झुरळं पटापट मेली तर ती बरणीतल्या कोंडमाऱ्याने मेली, औषधाने नव्हे. चाचणी रद्द समजा. पहिली पंधरा मिनिटं शेजारी बसून बघा, मग २४, ४८ आणि ७२ तासांनी मेलेली मोजा.

जेलला तोंड लावून झटकन मागे सरतात आणि पाव खातात, तर तिटकारा समजावा. हे कल्पनेतलं नाही. काही जर्मन झुरळांच्या तोंडातल्या कडू चव ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोजला प्रतिसाद देतात, म्हणजे साखर त्यांना कडू लागते, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं आहे. जेल खातात पण ७२ तासांनी बहुतेक जिवंत असतात, तर प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा. खातात आणि मरतात, तर जेलचा दोष नाही. ठिपके कुठे टाकता आणि किचन रात्री कसं सोडलं जातं ते बघा. जुन्या बॅचवर जगली आणि नवीवर मेली, तर तुमच्या गाडीचा डॅशबोर्ड तपासा.

हा बरणीतला अंदाज आहे, प्रयोगशाळेचा दाखला नाही. पण तो अर्ध्या पानावर लिहिलात की पत्राचं वजन बदलतं. जागेचं क्षेत्रफळ, जेलचं नाव, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, किती दिवसांनी किती ग्रॅम लावलं, मधल्या काळात कोणता फवारा झाला, तीन बरण्यांचे आकडे आणि शेवटी एकच प्रश्न. हे पान आधी जेल बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक विभागाला पाठवा. विक्री प्रतिनिधीला पाठवू नका, तो पुढच्या महिन्याच्या टार्गेटमध्ये असतो. तांत्रिक माणूसही तटस्थ नसतो हे लक्षात ठेवून तेच पान कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागालाही पाठवा.

तोवर ‘जेल बदला’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. ब्रँड बदलून उपयोग नाही, गट बदलला पाहिजे, म्हणजे किडीला वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध घेतलं पाहिजे. कीटकनाशकांच्या आंतरराष्ट्रीय गटवारीत इमिडाक्लोप्रिड ४-ए मध्ये येतं, फिप्रोनिल २-बी मध्ये, इंडोक्साकार्ब २२-ए मध्ये. ४-ए मधलंच दुसरं नाव आणलंत तर डबा तेवढा बदलला. आणि तिटकारा असेल तर औषधाबरोबर आमिषाचा आधारही वेगळा हवा.

आणखी एक. जेल बदलून पंधरा दिवसांनी काय झालं हे उत्तर देणाऱ्याला दोन ओळींत कळवा, अगदी सल्ला फसला तरी. ‘धन्यवाद सर’पेक्षा त्या आकड्यांना किंमत आहे. जाणकाराला प्रत्यक्ष किचनमधली माहिती सहसा मिळत नाही, ती तुमच्याकडे आहे. देवाणघेवाण म्हणतात ती हीच, आणि बहुतेक ओळखी नेमक्या इथे तुटतात.

प्रश्न : जुन्या घराच्या सागवानी वाशांतून भुसा पडतो. वाळवी की भुंगेरा कळेना. एका कीटकशास्त्रज्ञांनी ‘नमुना पाठवा’ म्हटलं. मी भुसा आणि दोन पांढऱ्या वाळव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवल्या. ‘ओळखता येत नाही’ असं उत्तर आलं. काय चुकलं?
— सर्व्हिस चालक, चिपळूण

उत्तर : वाळवी पिशवीत सुकून चुरगळली असणार. आणि ती चांगल्या अवस्थेत पोचली असती तरी पांढऱ्या कामकरी वाळवीवरून जात ठरवणं अवघडच. ओळख पटते ती सैनिकांवरून, म्हणजे मोठ्या पिवळसर-तपकिरी डोक्याच्या आणि जबडे असलेल्या वाळवीवरून, किंवा पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती येणाऱ्या पंखवाल्यांवरून. लाकूड फोडल्यावर पहिल्या मिनिटात सैनिक भोकाशी येतात, तेव्हाच मऊ ब्रशने उचला. पाच ते दहा सैनिक आणि तेवढेच कामकरी पुरतात.

ते झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या काचेच्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल चालतं. फॉर्मॅलिन नको, त्याने शरीर ताठ होतं आणि पुढे डीएनए तपासणीचा रस्ताही अवघड होतो. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने गाव, तारीख, लाकडाचा प्रकार, जमिनीपासून उंची आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरचं लेबल गळून पडतं. असे बेवारस नमुने कुणी हातात घेत नाही.

भुंगेरा असेल तर त्याला अल्कोहोलची गरज नाही. कोरडा, कापसावर, काड्यापेटीत पाठवा. भुसा वेगळ्या पुडीत. भुसा भिंगाखाली आधी तुम्हीच बघा. टाल्कम पावडरीसारखं मऊ पीठ आणि लाकडावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं, तर पावडर करणारा भुंगेरा. खसखशीसारखे, सहा पैलूंचे कोरडे दाणे, तर ती लाकडातच राहणारी कोरडी वाळवी. तिला जमिनीत औषध सोडून काही होत नाही, कारण तिचा जमिनीशी संबंधच नाही. सागाच्या नुसत्या गाभ्याला सहसा भुंगेरा लागत नाही, म्हणून भुसा कडेच्या फिकट लाकडातून येतोय का तेही लिहा. निम्म्या वेळी एवढ्यावरच प्रश्न सुटतो.

ज्वालाग्राही द्रव पार्सलने पाठवता येत नाही. पाठवताना बाटलीतलं अल्कोहोल ओतून टाका, नमुना त्याच अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापसाच्या दोन बोळ्यांमध्ये ठेवा, झाकणावर टेप मारा आणि बाटली झिपच्या पिशवीत घाला. कोकणातल्यांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग जवळचा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. लाकडाच्या किडींसाठी बेंगळुरूची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था. नमुना धाडण्यापूर्वी फोन करून नमुने घेतात का आणि शुल्क किती ते विचारा. आणि एक बाटली स्वतःकडे ठेवा, तोच क्रमांक घालून. पुढच्या वर्षी तसाच भुसा पडला की कुणालाही न विचारता जुळवून बघता येईल.

प्रश्न : मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो. पेस्ट कंट्रोलचा परवाना काढून या क्षेत्रात उतरायचं आहे, पण कुणाचीही ओळख नाही. सुरुवात कुठून करू?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची पदवी कामाची आहे. कीटकनाशक नियमांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलच्या परवान्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान पदवी लागते आणि किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. नियमांत संस्थाही दिल्या आहेत : म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था), हापूडची धान्य साठवण संस्था आणि हैदराबादची वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था, जी आता एनआयपीएचएम (राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था) नावाने राजेंद्रनगरला चालते. परवाना राज्याच्या कृषी विभागाकडून मिळतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइड किंवा मिथाइल ब्रोमाइडने धुरी द्यायची असेल (म्हणजे बंद जागेत विषारी वायू सोडून कीड मारायची असेल) तर केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची वेगळी मान्यता लागते.

ते १५ दिवस नुसतं प्रमाणपत्र मिळवण्यात घालवू नका. बॅचमध्ये वेगवेगळ्या राज्यांतली माणसं येतात : कुणी गोदामातलं, कुणी बंदरातलं, कुणी वडिलांचा धंदा पुढे चालवणारं. कोल्हापुरात तुमचे प्रतिस्पर्धी नसलेले हे लोक पुढची वीस वर्षं मोकळेपणाने बोलतील. गावातला धंदेवाला तसा बोलेलच असं नाही. निघण्यापूर्वी दोन महिने एखाद्या परवानाधारकाकडे टेक्निशियन म्हणून काम करा. पंपाचं नोझल साफ न केलेला विद्यार्थी वर्गात काय विचारायचं हे सुचत नसल्याने गप्प बसतो. जाताना वही भरून प्रश्न न्या आणि परतताना प्रत्येक शिकवणाऱ्याचा विषय लिहून आणा. उंदरांचा माणूस वेगळा, साठवणीच्या किडींचा वेगळा, डासांचा वेगळा. ‘पेस्ट कंट्रोलचे तज्ज्ञ’ असा सरसकट माणूस नसतो.

प्रश्न : माझं शिक्षण मराठीत झालं. शास्त्रज्ञांना इंग्रजीत मेल लिहायला हात धजत नाही. काय करावं?
— गोदाम धुरी व्यावसायिक, बीड

उत्तर : मराठीत लिहा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत शेतकऱ्यांशी मराठीतच बोलणं चालतं. हैदराबादला किंवा म्हैसूरला लिहायचं तर आठ सोपी इंग्रजी वाक्यं कुणाकडून तरी तपासून घ्या. अडतं ते भाषेमुळे कमी, पाल्हाळामुळे जास्त. असं पत्र चालेल :

‘आदरणीय सर, मी बीड येथे परवानाधारक धुरी व्यावसायिक आहे. ज्वारीच्या ४० टनांच्या थप्पीला टनामागे ३ गोळ्या प्रमाणे अॅल्युमिनियम फॉस्फाइड दिलं. ताडपत्री घालून कडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या, ५ दिवस बंद. वायूची मोजणी केली नाही. उघडताना जिवंत किडा दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात पिठातले तांबडे भुंगेरे दिसले. गळतीमुळे वाचले, शेजारच्या थप्पीतून आले की प्रतिकार वाढला, हे ठरवण्यासाठी आधी कोणती मोजणी करू? आपल्या सोयीच्या वेळी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? नमुना राखून ठेवला आहे.’

यात ‘वायूची मोजणी केली नाही’ हे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. बहुतेक लोक ते लपवतात. मग उत्तर देणारा आधी तेच विचारतो आणि पत्रव्यवहार आठवडाभर लांबतो. ‘उपाय सांगा’ऐवजी ‘आधी कोणती मोजणी करू’ असं विचारलं की समोरच्याला जबाबदारी अंगावर न घेता मदत करता येते. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, आणि तीही ऐन परीक्षांच्या दिवसांत नको.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये चारशे पेस्ट कंट्रोलवाले आहेत. कुणीही किड्याचा फोटो टाकतं, पाच जण पाच डोस सांगतात. परवा एकाने ढेकणांसाठी खोलीत धुरीच्या गोळ्या ठेवायला सांगितल्या आणि चार अंगठे वर झाले. अशा ग्रुपमध्ये राहावं का?
— ग्रुप अॅडमिन, वसई

उत्तर : राहा, पण अंगठे वर होत असताना गप्प राहू नका. आधी गोळ्यांचं.

धुरीची गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर. पाच गोळ्यांत तिथली पातळी हवेच्या दहा लाख भागांत सव्वाशेच्या घरात जाते. ५० भागांनाच जिवाला तात्काळ धोका धरतात. हा वायू दाराखालच्या फटीतून, पाइपाच्या भोकातून आणि भिंतीच्या चिरांमधून शेजारच्या घरात जातो, आणि त्यावर उतारा नाही. आपल्या देशात अशाने शेजारच्या घरातली झोपलेली माणसं आणि मुलं दगावली आहेत. राहत्या इमारतीत वापरायची ही वस्तूच नव्हे. असा सल्ला देणाऱ्याला अॅडमिनने त्याच क्षणी खोडून काढलं पाहिजे, आणि मेसेज पुसण्याआधी तो का चुकीचा हे सगळ्यांना दिसेल असं लिहिलं पाहिजे. ते अंगठे वर करणारे चौघंही वाचत असतात.

डोसचा गोंधळ कमी करायला एकच नियम पुरतो : डब्यावरच्या लेबलचा फोटो नसेल तर डोस सांगायचा नाही. ‘सायपरमेथ्रिन लिटरला किती?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण १० टक्क्यांचं आणि २५ टक्क्यांचं सायपरमेथ्रिन एकाच नावाने मिळतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर अडीच पट चूक. एका बाजूला झुरळ मरत नाही, दुसऱ्या बाजूला टेक्निशियनच्या चेहऱ्याची आग होते. शिवाय लेबलवर ज्या जागेसाठी आणि ज्या किडीसाठी नोंदणी आहे त्याबाहेर वापर केला की जबाबदारी तुमची. ग्रुपचा स्क्रीनशॉट तिथे कामाला येत नाही.

चारशेच्या ग्रुपमधून आठ-दहा जणांचा वेगळा छोटा गट काढा, शक्यतो वेगवेगळ्या जिल्ह्यांतला. महिन्याला प्रत्येकाने एक फसलेलं काम मांडायचं. यशाचे फोटो मोठ्या ग्रुपवर भरपूर असतात.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वाळवी आहे. तीन कोटेशन आली, त्यांत तिप्पट फरक. काम बघायला विक्रीचा संबंध नसलेला माणूस कुठे मिळेल?
— सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर : कृषी महाविद्यालयांतून किंवा महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातून निवृत्त झालेले लोक असं काम करतात, आणि वाळवीचं काम करून घेतलेले बांधकाम अभियंतेही. फी भेटीची ठरवा, ठेक्याच्या रकमेची टक्केवारी देऊ नका. स्वतः औषध मारणाराच तपासणारा असेल तर तो तपासणारा नव्हे.

तो येईपर्यंत तुम्हीच गणित करा. आयएस ६३१३ हे वाळवीवरचं भारतीय मानक आहे. त्याचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठी. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे १२ मिलिमीटरची भोकं, दर ३०० मिलिमीटरला एक, आणि प्रत्येक भोकात माती घेणं थांबवेपर्यंत किंवा जास्तीत जास्त एक लिटर द्रावण. तळमजल्यावर अशी ६० मीटर कड असेल तर २०० भोकं आणि २०० लिटरपर्यंत द्रावण. ३०.५ टक्के इमिडाक्लोप्रिडचं प्रमाण लिटरला २.१ मिलि, म्हणजे ४२० मिलि औषध. घट्ट मातीत द्रावण कमी जाईल, पण जो माणूस १६ लिटरचा एक पंप पाठीला लावून येतो आणि दोन तासांत ‘झालं’ म्हणतो, त्याने काय केलं ते उघड आहे. तिन्ही कोटेशनवाल्यांना लेखी विचारा : भोकं किती, लिटर किती, औषधाचं नाव आणि टक्के किती, डबा आमच्यासमोर उघडणार का. तिप्पट फरकाचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

कामाआधी भिंतीवरच्या मातीच्या नळीचा बोटभर तुकडा मोडा आणि शेजारी तारीख लिहा. वाळवी जिवंत असेल तर काही दिवसांत ती नळी पुन्हा बांधलेली दिसते. कामानंतर तीच खूण पुन्हा करा. तपासायला येणारा जाणकार हा पुरावा सगळ्यांत आधी मागेल.

प्रश्न : निर्यातीच्या लाकडी खोक्यांना धुरी देण्याचं काम माझ्या ग्राहकाने विचारलं. माझ्याकडे ती मान्यता नाही. दुसऱ्याचं नाव सुचवलं तर तो माझं झुरळांचं कामही पळवेल अशी भीती वाटते.
— व्यावसायिक, म्हापसा

उत्तर : भीती अनाठायी नाही. पण ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणालात तर ग्राहक स्वतः शोधेल आणि तेव्हा तुमच्या हातात काहीच उरणार नाही.

निर्यातीच्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडचं प्रमाण २१ अंश किंवा जास्त तापमानाला घनमीटरमागे ४८ ग्रॅम आणि २४ तास असतं. उष्णतेने करायचं तर लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटं. खोक्यावर मान्यताप्राप्त शिक्का लागतो. मान्यता नसलेल्याने शिकत-शिकत करायचं हे काम नाही. मान्यताप्राप्त धुरी संस्थांची यादी केंद्राचं वनस्पती संरक्षण संचालनालय ठेवतं, त्यातून नाव निवडा.

मग एक पानाचा करार करा. बिल कोण देणार, तुमचा हिस्सा किती, हा ग्राहक झुरळं, उंदीर, वाळवीच्या कामासाठी किती महिने तुमचाच राहणार, आणि माल परदेशात अडकला तर ग्राहकाशी कोण बोलणार. शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि भांडण नेमकं त्यावरच होतं. पहिल्या कामाला स्वतः हजर राहा. तो माणूस गळती कशी तपासतो, वायू मोजतो का, नोंदवही भरतो का, हे बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा नाव देऊ नका. उलट बाजूने त्याच्याकडूनही काम मागा. धुरीवाल्यांना किचनचं काम नको असतं.

प्रश्न : परिषदा, प्रदर्शनं यांना जाण्याचा खर्च निघतो का? आणि पेस्ट कंट्रोलबाहेरच्या कोणाची ओळख ठेवावी?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहून पिशव्या गोळा करायच्या तर नाही. इंडियन पेस्ट कंट्रोल असोसिएशनचे कार्यक्रम असोत की आशिया-ओशनियातल्या संघटनांच्या महासंघाची परिषद, जाण्यापूर्वी वक्त्यांच्या यादीतून तीन नावं निवडा आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न लिहा. भाषण संपल्या-संपल्या गर्दीत घुसू नका, चहाच्या वेळी गाठा. कार्डामागे तारीख आणि काय बोलणं झालं ते लिहा, आठ दिवसांत मेल करा. पहिल्या वर्षी परदेशवारी नको, पुणे-मुंबईतला एक दिवसाचा तांत्रिक वर्ग पुरे.

बाहेरच्या ओळखींत पहिला डॉक्टर. तुमच्या भागातल्या रुग्णालयात अपघात विभाग सांभाळणाऱ्याला वर्षातून एकदा भेटा आणि वापरातल्या औषधांची यादी गटांसह द्या. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत अॅट्रोपिन हे औषध लागतं, पायरेथ्रॉइडमध्ये लक्षणांनुसार उपचार. ‘झुरळाचं औषध’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर अंधारात चाचपडतो. डब्याबरोबरचं माहितीपत्रक टेक्निशियनच्या पिशवीत हवं आणि तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर रुग्णालयात गेलं पाहिजे.

डासांच्या कामासाठी जिल्हा हिवताप अधिकारी. कोणत्या वस्तीत रुग्ण वाढलेत हे त्यांच्याकडे आधी कळतं. साप निघाला तर पंपाला हात लावू नका, वन विभागाला आणि त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला कळवा. आग्या मोहोळासाठी ग्राहक फवारणी मागतील. ती करण्याआधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून मोहोळ हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसांची चौकशी करा. फवारलेलं पोळं जागेवर राहिलं की मध गळून मुंग्या येतात, मेणावर पतंग वाढतो, आणि महिन्याभरात तोच ग्राहक मुंग्यांसाठी फोन करतो.